पंपाची पिन

“म्हणजे तुझ्या त्या कर्नलला डोळे न्हाईत,” चौगुलेकाका म्हणाले.

“नाहीत.”

“आणि बोर्डावर काय काय बसवलंय, ते त्याला तू सांगणार.”

“मी लिहून देणार. मेमरी किती, नेटवर्कची चिप कुठल्या पत्त्यावर, पडद्याला कुठल्या तारा, पंपाचा रिले कुठल्या पिनवर. बोर्ड चालू झाला की कर्नल, म्हणजे त्याला चालवणारा मूळ प्रोग्राम, ती फाइल वाचतो आणि तिच्यात लिहिलंय ते सगळं खरं मानतो.”

“आणि तू खोटं लिहिलंस तर?”

“खोटं कशाला लिहीन, काका?”

ते हसले आणि चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा बोर्डावर वाकले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, त्यामुळे प्रत्येक वस्तू ते नाकाला लावून बघायचे. बोर्ड त्यांचाच होता. आमच्या शिरोलीच्या कारखान्यात आम्ही अकरा जण, आणि बोर्डांना किल्ल्यांची नावं द्यायची पद्धत. हा नवा प्रोसेसर असलेला बोर्ड ‘पन्हाळा’. काकांचं वय सत्तावन्न, त्यातली तीस वर्षं फौंड्रीवाल्यांसाठी विजेची पॅनेलं बांधण्यात गेलेली. लॅपटॉपला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मी चोवीस वर्षांची, जयसिंगपूरची, सांगलीला इंजिनिअरिंग करून आलेली, आणि लिनक्सच्या कर्नलमध्ये बोर्ड चढवणारी कोल्हापुरात मी एकटीच आहे अशी माझी पक्की समजूत होती. ती खरी की खोटी, हे तपासायला मी कधी गेले नाही.

त्या बोर्डावर काय अवलंबून होतं, ते काकांनी मला पहिल्याच आठवड्यात फौंड्रीत नेऊन दाखवलं होतं. भट्टीभोवती तांब्याच्या जाड नळीचं वेटोळं असतं. त्या नळीतून वीज जाते आणि आतलं लोखंड वितळतं. त्याच नळीच्या पोटातून सतत पाणी फिरतं, म्हणून ती स्वतः वितळत नाही.

“पाणी थांबलं तर?” मी विचारलं होतं.

“वीज तोडता येती. पण आतलं लोखंड काय गार हुतंय व्हय लगेच? नळी फुटती. पाणी आणि पातळ लोखंड एक झालं की छप्पर जातंय. आणि शेजारी उभी असलेली माणसंबी.”

तेव्हा ‘पन्हाळा’चं काम तसं सोपं होतं. भट्टीचं तापमान दाखवायचं, नोंदवायचं, आणि पाण्याचा पंप सांभाळायचा.

फाइल मी कशी लिहिली? जगात सगळे लिहितात तशीच. प्रोसेसर बनवणाऱ्यांचा एक नमुन्याचा बोर्ड असतो, त्याची फाइल घ्यायची, नाव बदलायचं, आपल्याकडे नाही ते काढायचं, आहे ते घालायचं. तीन आठवडे मी त्यात बुडाले होते. मग तो बदल, म्हणजे पॅच, मी कर्नलच्या जाहीर मेलिंग लिस्टवर पाठवला. तिथे जगभरची माणसं तुमचं लिखाण ओळ न् ओळ वाचतात आणि तोंडावर चुका सांगतात. त्या विभागाचा सांभाळ करणारा फिनलंडचा एक माणूस होता. त्यानं माझा पॅच दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा एकच प्रश्न विचारला: प्रत्यक्ष बोर्डावर चाचणी केलीस का?

मी लिहिलं, हो. आणि केलीही होती. मेमरी दिसत होती, नेटवर्क चालत होतं, पडदा उजळत होता. पंपाच्या रिलेला, म्हणजे विजेनं ओढल्या जाणाऱ्या स्विचला, आज्ञा दिली तेव्हा तो टक करून वाजला होता, आणि मी कागदावर बरोबरची खूण केली होती.

बुधवारी सकाळी त्याचं उत्तर आलं. पॅच घेतला होता. कर्नलच्या इतिहासात आता रेवती मगदूम हे नाव कायमचं लागलं. मी ते पान आईला पाठवलं, मावशीला पाठवलं, कॉलेजात मला ‘हार्डवेअर तुझ्या डोक्यावरून जातं’ म्हणणाऱ्या सरांनाही पाठवलं. आमचे मालक सरनाईकसाहेब यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि सोमवारची चाचणी ठरवून टाकली. गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत पहिलं पॅनेल लागणार होतं.

“आता आपलं नाव जगात गेलं,” साहेब म्हणाले.

काकांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, “मी उद्या मिरजेला चाललो. डोळ्याचं हाय. डॉक्टर आठवडाभर धुळीत जाऊ नको म्हणालाय. पॅनेलं जोडून ठेवलीत सगळी. काय अडलं तर फोन कर.”

शुक्रवारी मी पहिलं पॅनेल टेबलावर घेतलं. पंपाच्या जागी एक साधा बल्ब लावला, आणि बोर्डाला आज्ञा दिली: पंप चालू.

बल्ब विझला.

मी म्हटलं, पंप बंद. बल्ब लागला. दहा वेळा केलं, दहाही वेळा उलटं. रिले मात्र प्रत्येक वेळी इमानदारीत टक करत होता. टक हा आवाज चालू करतानाही तोच आणि बंद करतानाही तोच, हे मला त्या दिवशी कळलं.

पिन ‘एक’ झाली की पंप चालू, की ‘शून्य’ झाली की चालू, हे फाइलीत एका शब्दात सांगायचं असतं. नमुन्याच्या फाइलीत होता तोच शब्द मी ठेवला होता: एक म्हणजे चालू. काकांच्या ड्रॉइंगमध्ये रिलेला तीन स्क्रू होते. एक सामाईक, बाकीच्या दोघांपैकी एका स्क्रूची वाट रिले ओढला की जुळते, दुसऱ्याची रिले सुटलेला असताना जुळलेली असते. पंपाची वायर या दुसऱ्या स्क्रूला होती. कारण कुठेच लिहिलेलं नव्हतं. काकांना फोन लावला तो त्यांच्या मुलीनं उचलला. नुकतंच ऑपरेशन झालं होतं, बोलू देत नव्हते.

मी सरनाईकसाहेबांकडे गेले. “काकांची एक वायर उलट्या स्क्रूला लागलीय. हलवली की झालं.”

“डोळ्याचा त्रासच होता त्यांना,” साहेब म्हणाले. “हलवा.”

तीन पॅनेलं तयार होती. स्क्रूड्रायव्हर घेऊन तिन्हीतली वायर मीच हलवली. एकेका पॅनेलला मिनिट लागलं असेल. नंतर बल्ब शहाण्यासारखा वागायला लागला: चालू म्हटलं की चालू, बंद म्हटलं की बंद. मी दुपारचा डबा अगदी मजेत खाल्ला.

सोमवारी फौंड्रीत दहा वाजता पोचलो. भट्टी रिकामी होती, शेजारी भंगाराचे तुकडे रचून ठेवले होते. भट्टीवरचा मुख्य माणूस दस्तगीर मुजावर, चाळिशीचा, गळ्यात टॉवेल, आणि हाताखाली पाच जण. पॅनेल लावलं, पंप जोडला. भट्टीतून परत येणारं पाणी एका उघड्या पत्र्याच्या नसराळ्यात पडायचं, म्हणजे ते फिरतंय हे कुणालाही दिसावं. मी पडद्यावर बोट ठेवलं, पंप घरघरला, पाणी पडायला लागलं. पुन्हा बोट ठेवलं, थांबलं. परत चालू केलं. फौंड्रीच्या मालकांना आकडे मोठे दिसतात याचंच जास्त कौतुक वाटलं.

“भरू का ताई?” दस्तगीरभाईंनी विचारलं.

मी मान हलवणार, तेवढ्यात दारातून काका आले. डोळ्यावर तो हिरवट काळा चष्मा, डोक्याला मफलर, हातात पिशवी. मिरजेहून एसटीनं आले होते.

“काका, तुम्हाला धुळीत यायचं नाही सांगितलंय,” मी म्हटलं.

“पहिली हीट हाय, ह्या पॅनेलवर पहिलं लोखंड वितळणार. पहिल्या हीटला मी असतोच.” मग दस्तगीरभाईंकडे वळून, “थांब रं जरा. फ्यूज काढायचा ऱ्हायलाय.”

“मला वाटलंच,” दस्तगीरभाई म्हणाले. “मी म्हटलं, ह्या वेळी न काढताच भरायला लावत्यात का काय.”

मला काही कळेना. काका चाचपडत पॅनेलपाशी गेले, दार उघडलं, आणि माझ्या बोर्डाला वीज देणारा छोटा फ्यूज बोटानं उपसून काढला. पडदा काळा झाला.

दोन सेकंद गेले. मग नसराळ्यात पडणारं पाणी बारीक झालं, आणि थांबलं.

काकांना ते दिसलं नसणार. त्यांनी मान तिरकी केली होती आणि ते ऐकत होते. फौंड्रीत बाकी आवाज कमी नव्हते, तरी पाणी थांबल्याचं त्या सहाही माणसांना ताबडतोब समजलं. दस्तगीरभाई आपोआप दोन पावलं मागे सरले. भट्टी रिकामी, गार पडलेली, तरी सरले.

“वायर कुणी हलवली?” काकांनी हळू विचारलं.

“मी.”

“का?”

“उलटी चालत होती.”

“उलटीच चालाय पायजे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि ते मला जास्त लागलं. “बोर्ड जळला, फ्यूज उडाला, तुझा कर्नल झोपला, काय बी होऊ दे. रिले सुटला की पंप चालू ऱ्हायला पायजे. पंप बंद करायला बोर्ड जिवंत लागतो. चालू ठेवायला कुणीच लागत न्हाई. आणि आपला पंप बोर्डाच्या विजेवर न्हाई, ह्यांच्या जनरेटरवर हाय. म्हणून ती वायर त्या स्क्रूला.”

घोटभर पाणी प्यावं असं वाटलं, आणि त्या क्षणी पाणी या शब्दाचीच भीती वाटली.

सरनाईकसाहेब पुढे झाले. फौंड्रीचे मालक बघत होते, आणि साहेबांना कुणावर तरी बोट ठेवणं भाग होतं. “चौगुले, ड्रॉइंगवर याची नोंद का नाही?”

“न्हाई, साहेब,” काका म्हणाले. “चूक माझी. तीस वर्षं मीच वायरी लावत आलोय, त्यामुळं लिहायचं कधी सुचलंच न्हाई. पोरीला कसं कळणार?”

तिथे विषय संपला असता. साहेबांचं समाधान झालं होतं, मालकांचं होत आलं होतं. मी गप्प बसले असते तर सगळ्यांनी एवढंच म्हटलं असतं की म्हाताऱ्यानं नोंद केली नाही आणि नव्या मुलीला समजलं नाही. ड्रॉइंगवर नोंद नव्हती हेही खरंच होतं.

“मला कळलं होतं,” मी म्हटलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“वायर हलवायची की फाइलीतला शब्द बदलायचा, दोन्ही मला शुक्रवारीच सुचलं होतं. फाइल बोर्डाचं वर्णन असते. बोर्ड एक सांगतोय आणि फाइल दुसरं, तर फाइल चुकली, हे मी कॉलेजच्या पोरांनाही शिकवलं असतं. पण फाइल बुधवारीच कर्नलमध्ये गेली होती. ती बदलायची म्हणजे जगासमोर परत मेल लिहायचा की मी चुकले, चाचणी केली म्हणाले ती नीट केली नव्हती. पेढे वाटून दोन दिवस झाले होते. म्हणून मी वायर हलवली.”

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. लाज वाटत होती, नुसती लाज. काकांच्या डोळ्यावर मी चूक ढकलली होती, आणि ते माझी चूक स्वतःच्या अंगावर घेत होते.

काकांनी चष्म्याआडून माझ्या दिशेनं पाहिलं. “फाइल बोर्डाकडं बघून लिहायची, का बोर्ड फाइलीकडं बघून जोडायचा?”

“बोर्डाकडे बघून.”

“मग बस आणि लिही. दस्तगीर, पोरांना च्या पाज. तासभर लागंल.”

“पाऊण तास,” मी म्हटलं. एवढी ऐट शिल्लक होतीच.

वायर मी माझ्याच हातानं परत जुन्या स्क्रूला लावली. मग फौंड्रीच्या ऑफिसात एका कोपऱ्यात लॅपटॉप उघडून फाइलीतला तो शब्द बदलला, नवी फाइल तयार केली आणि बोर्डात भरली. चाळीस मिनिटं. पडद्यावर बोट ठेवलं: पंप चालू. पुन्हा ठेवलं: बंद. परत चालू. मग मी काकांकडे बघितलं.

“माझ्याकडं काय बघतीस? काढ फ्यूज.”

मी फ्यूज काढला. पडदा काळा झाला. पाणी पडत होतं. मी फ्यूज हातात धरून पूर्ण पाच मिनिटं तिथे उभी राहिले, आणि पाणी पडतच होतं. दस्तगीरभाई पुढे आले, त्यांनी नसराळ्याखाली हात धरून ओला केला आणि टॉवेलला पुसला.

“आता भरतो,” ते म्हणाले.

दुपारी तीनला पहिली हीट ओतली. मी पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मला जागचं हलवत नव्हतं.

परत येताना गाडीत मी साहेबांना सांगितलं की उद्या लिस्टवर मेल पाठवणार आहे.

“कशाला?” ते म्हणाले. “आपल्या बोर्डात आपण दुरुस्त केलं. आपल्या नावानं आपणच कशाला बोंब मारायची? गिऱ्हाइकं वाचतात ते.”

“साहेब, ती फाइल आता नमुना झाली. मी दुसऱ्याची उचलली तशी उद्या कुणीतरी माझी उचलणार. तो जे बनवेल त्याच्याशेजारी कोण उभं असेल, आपल्याला काय माहीत?”

तावडे हॉटेलच्या चौकात साहेबांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, “पाठव. मलाही एक प्रत ठेव त्यात.”

त्या लिस्टवर चूक दुरुस्त करायची एक रीत आहे. जुन्या कुठल्या बदलात चूक होती, त्याचा क्रमांक आणि मथळा मेलमध्ये लिहायचा, म्हणजे ती कुणी केली हे कुणालाही सापडावं. मी माझ्याच बुधवारच्या पॅचचा क्रमांक लिहिला. मग चूक दाखवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. काका घरी पडून होते, त्यांना फोन केला.

“माझं नाव कशाला?”

“रीत आहे, काका. चूक दाखवणाऱ्याचं नाव लिहायचंच.”

“आणि करणाऱ्याचं?”

“तेही. दोन ठिकाणी.”

“मग हरकत न्हाई. पुरं लिही. अण्णाप्पा भूपाल चौगुले.”

त्यांचा ई-मेल नव्हता. कंपनीच्या नावावर मी त्यांना एक काढून दिला, तो त्यांनी आजतागायत उघडलेला नाही. आणि फाइलीत त्या पिनच्या वर मी दोन ओळींची टीप घातली: बोर्ड मेला तरी पाण्याचा पंप चालू राहावा म्हणून ही पिन उलटी आहे, शब्द बदलू नका, वायर हलवू नका. उरलेल्या दोन पॅनेलांतल्या वायरीही मी परत जुन्या स्क्रूला लावल्या, आणि ड्रॉइंगवरची नोंद काकांनी बरं झाल्यावर स्वतःच्या अक्षरात केली.

फिनलंडच्या त्या माणसाचं उत्तर गुरुवारी आलं. मला वाटलं होतं, तासणार. त्यानं मागच्यासारखाच एक प्रश्न विचारला होता: या वेळी चाचणी कशी केलीस?

मी लिहिलं, पाणी वाहत असताना बोर्डाचा फ्यूज काढून.

त्यानं पॅच घेतला.

याला बारा वर्षं झाली. मी आता पुण्यात असते, बरेच बोर्ड चढवले, बऱ्याच जणांच्या फाइली तपासते. त्या पॅचनंतर आठ महिन्यांनी, मी शिरोलीतच असताना, एका दुपारी फोन आला. दस्तगीरभाई होते. मागे फौंड्रीचा नेहमीचा गोंगाट.

“ताई, तुमचं मशीन बंद पडलंय. पडदा काळा हाय. धूरबी आला जरा. फौंड्रीतला वायरमन म्हणतोय बोर्ड जळला.”

मी उभीच राहिले. “भट्टीत माल आहे?”

“काठोकाठ.”

“आणि पंप?”

“पंप चालू हाय की,” ते म्हणाले. “म्हणून तर फोन कराय जमालंय.”